अल्गॉनक्विनला सहकुटुंब तंबू आणि कनू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मार्खम या टोरोंटोजवळच्या शहरांतल्या मराठी घरांतून अल्गॉनक्विन उद्यानात तंबू टाकण्याबद्दल आणि कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी) चालवण्याबद्दल तेच ते प्रश्न येऊ लागतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा अस्वलाचा असतो. वाऱ्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही, आणि कनूवाल्यांचा दिवस ठरवतो तो वाराच. म्हणून खाली अस्वलाला त्याच्या लायकीएवढी जागा दिली आहे आणि वाऱ्याला जास्त. उत्तरं अशा कुटुंबासाठी आहेत, जे टोरोंटो परिसरातून शुक्रवारी निघणार, रविवारी परतणार, ज्यांच्याबरोबर मुलं आहेत आणि ज्यांनी वल्हं कधी हातात धरलेलं नाही.

अल्गॉनक्विनच कशाला? जवळपास तळी काय कमी आहेत?

कमी नाहीत. नुसतं पाण्याकाठी बसून कणसं भाजायची असतील तर तीन तास गाडी हाकायची गरजच नाही. पण कनू चालवायची असेल तर अल्गॉनक्विनसारखी जागा नाही. हे ऑन्टारियोचं सर्वांत जुनं प्रांतिक उद्यान, १८९३ सालचं. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे शहर आणि उपनगरं धरून मुंबईच्या बारापटीहून मोठं. आत दीड हजारांहून जास्त तळी आहेत आणि त्यांना जोडणारे ओढे, नद्या, पायवाटा आहेत. इथले मूळ रहिवासी अल्गॉनक्विन लोक बर्च झाडाच्या सालीच्या हलक्या होड्यांतून याच पाण्यावरून ये-जा करत. एक तळं संपलं की होडी खांद्यावर घ्यायची आणि पुढच्या तळ्यात सोडायची. या उचलून नेण्याच्या वाटांना आजही पोर्टाज म्हणतात आणि नकाशावर प्रत्येकीची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते.

नवख्यांसाठी सोय अशी की उद्यानाच्या दक्षिण भागातून हायवे ६० चे ५६ किलोमीटर जातात. कॅम्पग्राउंड, छोटे ट्रेल, कनू भाड्याने देणारी दुकानं असं बरंचसं याच रस्त्यालगत आहे. पत्ते पश्चिम फाटकापासूनच्या किलोमीटरमध्ये सांगतात, त्यामुळे ‘किलोमीटर ३०’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

कधी जावं?

जुलैचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ब्लॅकफ्लाय नावाच्या बारीक काळ्या माश्या असतात. त्या दिवसाढवळ्या चावतात, कानामागे आणि केसांच्या कडेला रक्त काढतात. त्यांच्या जोडीला डास आहेतच. मोठी माणसं कशीबशी सहन करतात, पण लहान मुलांचा वीकेंड रडण्यात जातो.

सप्टेंबरच्या अखेरीस मेपलची पानं लाल होतात तेव्हा जंगल सर्वांत देखणं दिसतं, पण तेव्हा निम्मं टोरोंटो तिथेच असतं आणि रात्री गोठवणाऱ्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रंग बघायला दिवसापुरतं जावं, तंबू ऑगस्टमध्ये टाकावा.

बुकिंग किती आधी करायचं?

पाच महिने. ही अतिशयोक्ती नाही. येण्याच्या तारखेच्या बरोबर पाच महिने आधी सकाळी ७ वाजता ऑन्टारियो पार्क्सचं बुकिंग उघडतं. म्हणजे १८ जुलैला जायचं तर १८ फेब्रुवारीला सकाळी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसायचं. उन्हाळ्यातल्या वीकेंडच्या चांगल्या साइट बघता बघता जातात, लाँग वीकेंडच्या तर विचारूच नका. नंतर सुचलं तर रद्द झालेल्या साइटवर लक्ष ठेवता येतं. जायच्या आधीच्या आठवड्यात बरीच मंडळी माघार घेतात.

एका साइटवर साधारण सहाच माणसं चालतात. चार कुटुंबं एकत्र जाणार असाल तर शेजारशेजारच्या साइट घ्या. एकाच साइटवर सोळा जणांची पंगत मांडली तर वॉर्डन येऊन उठवतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

कोणतं कॅम्पग्राउंड घ्यावं?

लेक ऑफ टू रिव्हर्स सर्वांत गजबजलेलं. वाळूचा किनारा आणि दुकान आहे, मुलांना खेळायला सोबत मिळते. ज्यांना जंगलात एकदम एकटं वाटण्याची धास्ती आहे त्यांनी इथे यावं. पॉग लेक त्याहून शांत, आणि त्यात रेडिओ व कुत्र्यांना बंदी असलेला भागही आहे. म्यू लेकला यर्ट मिळतात. यर्ट म्हणजे आठ बाजूंचा पक्का, हीटर असलेला तंबू, आत झोपायला बिछाने. रॉक लेक हायवेपासून आत आहे आणि कनूसाठी फार छान.

आमची शिफारस मात्र कॅनिस्बे लेकची. तिथे नेहमीच्या साइटखेरीज पाण्यावरूनच जाता येईल अशा काही साइट आहेत. गाडी लावायची, सामान कनूत भरायचं आणि थोडं अंतर वल्हवत आपल्या काठाला लागायचं. पोर्टाज नाही, काही विसरलं तर गाडी जवळच. मुलांना वाटतं आपण मोठ्या मोहिमेवर आलो आहोत, आणि आईवडिलांना रात्री झोप लागते.

मग खऱ्या आतल्या भागात, पोर्टाज करत का जाऊ नये?

पहिल्या वीकेंडला नको. तीन दिवसांतला एक जाण्यात, एक येण्यात जातो. मधे केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याची हलकी कनूसुद्धा वीसेक किलो भरते, ती योकवर, म्हणजे मधल्या आडव्या दांडीवर तोलून खांद्यावर घ्यायची आणि दगडांवरून चालायचं. त्यात एखादं सहा वर्षांचं पोर ‘मला उचल’ म्हणणार. एक उन्हाळा कॅम्पग्राउंडवर काढा, मग जा. तेव्हा लक्षात ठेवा, आतल्या भागात अन्नाचे डबे, कॅन, काचेच्या बाटल्या असं न जळणारं, टाकाऊ पॅकिंग न्यायला बंदी आहे, आणि एका साइटवर जास्तीत जास्त नऊ जण.

आमच्याकडे कनू नाही.

कुणाकडेच नसते. कनू लेक (किलोमीटर १४) आणि ओपिओंगो लेक इथे काठावरच भाड्याने मिळते, वल्ही आणि लाइफजॅकेट धरून. तिथून थेट पाण्यात सोडता येते, म्हणजे गाडीच्या टपावर बांधण्याची कटकट नाही. उन्हाळ्यातल्या शनिवारसाठी आधीच फोन करून ठेवा. सोळा-सतरा फुटी कनूत दोन मोठी माणसं आणि मध्ये एक-दोन लहान मुलं बसतात. कायद्याप्रमाणे बोटीत प्रत्येकाच्या मापाचं लाइफजॅकेट, पाणी उपसायचं भांडं, शिट्टी आणि किमान १५ मीटरचा तरंगणारा दोर असायलाच हवा. दुकानवाले हे सामान एका छोट्या डब्यात देतात. तो डबा किनाऱ्यावर विसरू नका.

आम्हाला पोहता येत नाही. तरी चालेल?

चालेल, एका अटीवर. लाइफजॅकेट अंगात, चेन वर, पट्टे आवळलेले, पाण्यावर असेपर्यंत. कायदा ते बोटीत ठेवायला सांगतो, पण पाण्यात पडल्यावर सीटखालचं जॅकेट घालून दाखवा बघू. मुलांना घातल्यावर खांद्यांशी धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. बाळाला नीट बसेल असं जॅकेट मिळेपर्यंत बाळ काठावरच बरं. फुगवायची जॅकेट सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नसतात. आणि ज्यांना उत्तम पोहता येतं त्यांनीही घालायचं. मोठ्यांच्या अंगात नसेल तर मुलं दहा मिनिटांत काढतात.

कनूत कुणी कुठे बसायचं? ती गोल गोल का फिरते?

मागे बसणारा दिशा सांभाळतो, पुढचा वेग देतो, मुलं मधे तळाशी. दोघांनी विरुद्ध बाजूंनी वल्हवायचं. एक हात वल्ह्याच्या वरच्या मुठीवर, दुसरा खाली पात्याजवळ. दोन्ही हातांनी फावड्यासारखं मधे धरलं की दंड भरून येतात आणि कनू जागची हलत नाही.

तरीही ती फिरतेच, कारण मागच्याचा रेटा पुढच्यापेक्षा कनू जास्त वळवतो. उपाय म्हणजे जे-स्ट्रोक. वल्हं मागे ओढून संपत आलं की पातं बाहेरच्या बाजूला वळवून पाणी किंचित दूर लोटायचं. अर्ध्या तासात हाताला लागतं. तोवर नवराबायकोंमध्ये ‘तू उजवीकडे म्हणालास’, ‘मी कुठे म्हणालो’ हे होणारच. काठाजवळ, उथळ पाण्यात होऊ द्या.

चढताना कनू पूर्ण पाण्यात तरंगत असू द्या, एकाने धरा, दुसऱ्याने वाकून, दोन्ही काठ पकडून, मधोमध पाय टाकावा. उभं राहायचं नाही. सेल्फीसाठीही नाही.

वाऱ्याचं एवढं काय?

सकाळी सातला आरसा असलेलं तळं दुपारी दोनला फेसाळलेलं असतं. उन्हाळ्यात दिवस तापत जातो तसा वारा वाढतो आणि संध्याकाळी बहुधा पडतो. मोठ्या तळ्यावर वाऱ्याला जितकं मोकळं अंतर मिळतं तितक्या लाटा उंच होतात. ओपिओंगो हे उद्यानातलं सर्वांत मोठं तळं, आणि ते यासाठी कुप्रसिद्धच आहे. दुकानदार सकाळी ‘आज मोठ्या पाण्यात जाऊ नका’ म्हणाला तर वाद घालू नका.

आमचा नियम साधा आहे. कनू सकाळी. न्याहारीआधी निघा, नाहीतर न्याहारी डब्यात घेऊन निघा, अकराच्या सुमारास परत काठावर या. दुपार पोहण्यासाठी, ट्रेलसाठी, झोपेसाठी. हवं तर जेवणाआधी पुन्हा एक चक्कर. उठायला दहा वाजतात असं कुटुंब असेल तर त्यांनी छोट्या ओढ्यांपुरतं ठरवावं.

जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर येताना तो पाठीशी असेल. उलट केलं तर जाताना ‘काय सोपं आहे’ वाटतं आणि येताना मुलं रडतात. काठाकाठाने चला, तळ्याच्या मधून आडवं कापू नका. लाटा आल्याच तर सीटवरून उतरून गुडघ्यांवर बसा, वजन खाली जातं आणि कनू लगेच स्थिर होते. लाट कुशीवर घेऊ नका, नाक थोडं तिरकं ठेवून तिच्यात घाला. लांबून गडगडाट ऐकू आला की ताबडतोब काठ, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात नाही.

उलटली तर?

कनू सोडायची नाही. उलटी झाली, पाण्याने भरली तरी ती तरंगते आणि लांबून दिसते. आधी मुलं मोजा, मग सगळ्यांनी कनूला धरून पाय मारत जवळच्या काठाकडे. वल्हं आणि कूलरमागे कुणी पोहत जायचं नाही. गाडीची किल्ली आणि फोन झिपच्या पाणीबंद पिशवीत, आणि पिशवी अंगाला.

ऑगस्टमध्ये हा प्रकार गमतीवर निभावतो. मे महिन्यात नाही. बर्फ एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला वितळतं, आणि ऊन कितीही छान पडलं तरी पाणी हाड गोठवणारं असतं. कॅनडात यासाठी १-१०-१ असा ठोकताळा शिकवतात. पहिलं एक मिनिट धाप आवरण्यात जातं, नंतर दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. धाप लागलेल्या त्या पहिल्या मिनिटात तोंड पाण्यावर ठेवणारं लाइफजॅकेटच असतं. मे महिन्याला नाही म्हणण्याचं माश्यांपेक्षा हे मोठं कारण.

पहिल्या चकरेला कुठे जावं?

कॉस्टेलो क्रीक. ओपिओंगोच्या रस्त्यालगतचा हा वळणावळणाचा ओढा, दोन्हीकडे दलदलीचं गवत, मोठ्या लाटा नाहीत. बीव्हरने बांधलेले बांध दिसतात, नशिबात असेल तर कमळाची पानं खाणारा मूस, म्हणजे इथलं प्रचंड हरीण. शांत राहिलात तर. (मुलांना ‘जो आधी बोलेल तो हरला’ सांगा, दहा मिनिटं मिळतात.)

दुसरी जागा कनू लेक. टॉम थॉमसन हा कॅनडाचा लाडका चित्रकार इथेच वाटाड्याचं काम करायचा, चित्रं काढायचा. जुलै १९१७ मध्ये तो कनू घेऊन एकटा निघाला आणि आठ दिवसांनी तळ्यात त्याचा मृतदेह सापडला. तो कसा गेला यावर आजही वाद आहेत. हेहर्स्ट पॉइंटवर त्याचं दगडी स्मारक आहे, तिथे पाण्यावरूनच जायचं. मोठ्या मुलांना गोष्ट आवडते, लहानांना रात्री सांगू नका.

भारतातून आई-बाबा आलेत. त्यांना नेता येईल?

जरूर न्या, पण जमिनीवर झोपवू नका. म्यू लेकचा यर्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर उद्यानाच्या पश्चिमेकडच्या हंट्सव्हिल गावात मोटेल. गुडघे दुखत असतील तर कनूत चढणं-उतरणं हेच सर्वांत अवघड, बसणं नव्हे. लाकडी धक्क्यावरून, दोघांनी हात देऊन, वारा नसताना तासभर फिरवून आणता येतं. मध्ये तळाशी जाड उशी आणि पाठीला टेकण द्या. तयार नसतील तर आग्रह नको. किलोमीटर ४३ च्या व्हिजिटर सेंटरच्या गच्चीवरून जंगलाचा पसारा दिसतो, आणि स्प्रूस बॉगची फळ्यांची वाट चप्पल-बुटांतही चालता येते. व्हिजिटर विमा चालू आहे ना ते बघा आणि गोळ्या जवळ ठेवा. पश्चिमेकडून सर्वांत जवळचं रुग्णालय हंट्सव्हिललाच आहे.

जेवणाचं काय करायचं?

कमी करायचं. घरून पोळीभाजीचा डबा शुक्रवार रात्रीसाठी, शनिवारी सकाळी भाजणीचं थालीपीठ (भाजणीत तिखटमीठ घरीच घालून न्या), दुपारी दशम्या, चटणी, काकडी, रात्री एका भांड्यात खिचडी. मुलांसाठी मॅगी सोबत असू द्या, तत्त्वं घरी ठेवा. डाळ-तांदूळ मोजून एकत्र, फोडणीचं साहित्य एका छोट्या डबीत. दोन बर्नरची शेगडी आणि हिरवे प्रोपेन सिलिंडर पुरतात. लहान कुकर चालतो, पण पहाटे सहाला शिट्ट्या करू नका. शेजारचे तंबू वीस पावलांवर असतात.

सरपण घरून नेऊ नका. लाकडातून किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात, म्हणून ते उद्यानातच विकत घ्यायचं. रात्री विस्तवावर पाणी ओतत राहा, चरचर थांबेपर्यंत. कोरड्या दिवसांत शेकोटीला पूर्ण बंदी येऊ शकते, म्हणून स्वयंपाक शेगडीवरच धरून चला.

भांडी तळ्यात घासायची नाहीत. साबण ‘नैसर्गिक’ असला तरी नाही.

आणि अस्वल?

काळी अस्वलं आहेत, पण त्यांना तुमच्यात रस नाही, तुमच्या कूलरमध्ये आहे. अन्न, कचरा, टूथपेस्ट, तेलाची बाटली, लाडवांचा डबा, सगळं काही रात्री आणि साइट सोडताना गाडीत, काचा बंद. तंबूत खाण्याचा कणही नको, मुलांच्या खिशातली चॉकलेटं तपासा. पाण्यावरच्या साइटवर असाल तर अन्नाची पिशवी दोराने फांदीवर चारेक मीटर उंच, खोडापासून लांब टांगा. दिसलंच तर पळू नका, मुलांना जवळ घ्या, मोठ्याने बोलत मागे सरका. एवढं केलंत की रात्री आवाज येतील ते बहुतेक रॅकूनचे असतील, आणि ते खरोखर निर्लज्ज असतात.

संडास, आंघोळ, पाणी?

मोठ्या कॅम्पग्राउंडवर फ्लशचे संडास, गरम पाण्याचे शॉवर आणि पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. पाण्यावरच्या साइटवर झाडीत लाकडी पेटी असते, झाकण उघडायचं आणि बसायचं. तांब्या किंवा जुनी बाटली घेऊन जा, लाजू नका.

थंडी वाजते का?

ऑगस्टमध्येही पहाटे पारा दहाच्या खाली जाऊ शकतो. स्वेटर, लोकरी मोजे, कानटोपी न्या. झोपण्याच्या पिशवीपेक्षा खालच्या पॅडवर पैसे खर्च करा, कारण थंडी जमिनीतून येते. कनूत जीन्स नको, ओली झाली की दिवसभर वाळत नाही.

फोन लागतो का?

हायवेजवळ कुठे लागतो, कुठे नाही. आत शिरलं की नाही. नकाशा कागदाचा घ्या आणि कुठे जाणार, कधी येणार हे घरी कुणाला तरी सांगून निघा. ऑफिसला ‘मेल बघेन’ असं कबूल करू नका.

मूस नक्की दिसेल का?

सर्वांत जास्त दिसतात मे-जूनमध्ये, हायवेच्या कडेला. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ चरांतल्या पाण्यात उतरतं, ते पाणी प्यायला येतात. म्हणजे मूस हवा तर माश्या सोसा. ऑगस्टमध्ये लून पक्षी मात्र हमखास भेटतात, कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावरचा तोच. रात्री त्याची किंकाळी पहिल्यांदा ऐकून मुलं घाबरतात, आधी सांगून ठेवा.

लांडग्यांच्या हाळीचा कार्यक्रमही प्रसिद्ध आहे. कर्मचारी हाळी घालतात, जंगलातून लांडगे उत्तर देतात. तो ऑगस्टमधल्या गुरुवारी असतो, तोही आदल्या रात्री कळप सापडला तरच. शुक्रवारी रात्री पोचणाऱ्यांनी हळहळावं किंवा रजा टाकावी.

रस्ता?

टोरोंटोहून हायवे ४०० ने बॅरी, तिथून हायवे ११ ने हंट्सव्हिल, मग ६०. एरवी तीन तास. शुक्रवारी दुपारी तीननंतर निघालात तर कॉटेजवाल्यांच्या रांगेत पाच. शक्य असेल तर सकाळीच निघा. शेवटचं मोठं वाणसामान आणि गाडीत पेट्रोल हंट्सव्हिललाच. अंधार पडल्यावर हायवे ६० वर हळू चालवा, मूस गडद रंगाचा असतो आणि हेडलाइटमध्ये उशिरा दिसतो.

पाऊस आला तर परत यायचं का?

पाऊस नुसताच पडत असेल तर नाही. शेगडीवर एक ताडपत्री दोरांनी ताणून बांधा आणि पत्ते काढा. विजा आणि वारा असेल तर गाडीत बसा. रविवारी दुपारी दोनपर्यंत साइट सोडायची असते, तेव्हा तंबू ओलाच गुंडाळावा लागला तर घरी पोचल्यावर त्याच रात्री तळघरात उलगडून टाका. दोन दिवस पिशवीत राहिला की बुरशीचा वास पुढच्या वर्षापर्यंत जात नाही.